सायकेडेलिक फंक घरी रेकॉर्ड करताना: आधी कोरडा ठेका, मग रंग

फझ लावला, वाह लावला, फेझर फिरवला, वरून रिव्हर्बही ओतला, तरी ऐकताना मान काही हलत नाही. घरी सायकेडेलिक फंक करून पाहणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. आवाज रंगवणारी ही पेडलं बदलून उपयोग होत नाही, कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. रंग आधी चढतो आणि ठेका त्याखाली शोधावा लागतो.

इथे ज्या आवाजामागे जायचं आहे तो साधारण १९६८ ते १९७४ मधला: स्लाय अँड द फॅमिली स्टोन, फंकाडेलिक, आणि नॉर्मन व्हिटफिल्ड निर्माता असतानाचे टेम्प्टेशन्स. खालचे टप्पे एका गिटारवादकाला, एका बेसवादकाला आणि संगणकावर रेकॉर्डिंग करणाऱ्याला पुरतील असे लिहिले आहेत. तिन्ही कामं एकच माणूस करणार असेल तरी क्रम तोच ठेवा.

## टप्पा १: खोली, वीज आणि सिग्नल

लागणारं सामान फार नाही: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (त्यात गिटार थेट लावण्याचं हाय-झेड इनपुट हवं), गिटार, बेस, कान झाकणारा बंद हेडफोन आणि कुठलंही मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर. अॅम्प नसला तरी बिघडत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत गिटार आणि बेस थेट मिक्सिंग कन्सोलमध्येच जात असत, आणि वादकांना ते एका स्पीकरमधून ऐकू येत. त्यामुळे थेट वायर लावून रेकॉर्ड करणं हा इथे कमीपणा नाही.

मांडणी अशी:

- ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.
- रेकॉर्ड करताना बफर १२८ सॅम्पल किंवा त्याहून कमी. ५१२ वर ठेवलात तर वाजवलेला सूर उशिरा कानात येतो, हात नकळत पुढे धावतो, आणि नंतर "मी तालात कच्चा आहे" असा गैरसमज होतो.
- सर्वांत जोरात वाजवल्यावर मीटर −१० डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. स्लॅप बेसमध्ये अंगठ्यापेक्षा खेचलेली तार जोरात येते, म्हणून पातळी तिच्यावरून ठरवा.

आता गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर घुमणारा आवाज सिंगल कॉइल पिकअपमधून हमखास येतो. फझ तो कित्येक पटींनी वाढवतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर हे पहिले संशयित. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंदच ठेवावा. मग गिटार हातात घेऊन खुर्चीवर गोल फिरा. एका दिशेला गुणगुण सर्वांत कमी होते. तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि सगळी गिटार तिथेच बसून वाजवा.

इशारा: गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. जिवावर बेतू शकतं. घराचं अर्थिंगच नीट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग फंक.

## टप्पा २: वेग, सूर आणि सोळा घरं

पहिल्या प्रयत्नासाठी वेग ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके) घ्या. कारण हिशोबाचं आहे: चार ठोक्यांचा एक बार बरोबर २.५ सेकंदांचा होतो, दोन बार ५ सेकंदांचे, चार बार १० सेकंदांचे. पुढे फेझर आणि इको लावताना हे आकडे उपयोगी पडतात.

सूर ई मायनर. कॉर्ड एकच. हो, पूर्ण गाण्याला एकच. टेम्प्टेशन्सचं "पापा वॉज अ रोलिंग स्टोन" (१९७२) अल्बमवर सुमारे १२ मिनिटं चालतं आणि सगळं एकाच मायनर कॉर्डवर उभं आहे. दर चार बारना कॉर्ड बदलायची सवय रॉकमधून येते. इथे ती आवरली नाही तर कान कॉर्डच्या मागे जातो, ठेक्याच्या मागे जात नाही.

एका बारचे १६ समान भाग करा. त्यांना आपण घरं म्हणू. मोठे ठोके १, ५, ९ आणि १३ या घरांवर येतात.

पहिलं घर हा सगळ्याचा खुंटा. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून हेच घर ठासून वाजवून घेत असे. बेसवादक बूट्सी कॉलिन्स त्याच्याच बँडमधून पुढे फंकाडेलिककडे आला आणि ते तिकडेही रुजलं. तबल्याची सवय असलेल्यांना हे समेसारखं वाटेल, आणि साम्य आहेही. पण सम गाठण्याची वाट लांब असते, तिची ओढ लावता येते. इथे सम दर अडीच सेकंदांनी येते आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी एकत्र पाय आपटायचा असतो. मधली घरं ज्याची त्याने हवी तशी भरावी किंवा रिकामी सोडावी. पहिलं चुकवायचं नाही.

तपासणी: मेट्रोनोम अशा तऱ्हेने लावा की तो फक्त पहिल्या घरावर वाजेल. दोन मिनिटं टाळ्या वाजवून प्रत्येक वेळी त्याच्यावर उतरता येतं का पाहा. उतरता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: ड्रम

सुरुवातीचा नमुना:

- किक: १, ३, ११
- स्नेअर, जोरात: ५, १३
- स्नेअर, अगदी हलका: ८, १०, १६
- हाय-हॅट: १ ते १४ सगळ्या घरांवर बंद, फक्त १५ वर उघडा, पुढच्या बारच्या १ वर पुन्हा बंद

नोट्स माउसने भरत असाल तर जोराचे आकडे (व्हेलॉसिटी, १२७ पैकी) महत्त्वाचे. जोराचा स्नेअर ११० च्या आसपास, हलका २५ ते ४० मध्ये. हे हलके ठोके वेगळे ऐकू येता कामा नयेत. बंद केल्यावर मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटलं पाहिजे. नवखे लोक ते ७० वर ठेवतात आणि ठेका अडखळत चालल्यासारखा होतो. हाय-हॅटमध्ये १, ५, ९, १३ ला ९०, इतर विषम घरांना ७० आणि सम घरांना ५० च्या आसपास ठेवा.

स्विंग (घरांच्या प्रत्येक जोडीतलं दुसरं किंचित उशिरा आणणं) ५३ ते ५६ टक्के. ६० च्या पुढे गेलात तर वेगळीच जातकुळी सुरू होते.

खरे ड्रम असतील तर आवाज कोरडा आणि आखूड हवा. स्नेअरच्या कातड्यावर, काठापासून सुमारे एक तृतीयांश भागावर पंचा टाका. किकचं पुढचं कातडं काढून आत घडी घातलेली चादर अशी ठेवा की ती मागच्या कातड्याला जेमतेम टेकेल. तीन माइक पुरतात: एक किकच्या आत, एक स्नेअरला, एक ड्रमरच्या डोक्यावर साधारण एक मीटर उंचीवर. तिसऱ्या माइकसाठी जागा शोधायला वेळ द्या. दोन माइक एकत्र चालू केल्यावर स्नेअर पातळ झाला तर एकाची पोलॅरिटी उलटी करा आणि जो जाड वाटेल तो ठेवा.

ड्रमर नाही? मग जुन्या तऱ्हेचं ड्रम मशीन मुद्दाम वापरा. "देअर्स अ रायट गोइंग ऑन" (१९७१) या अल्बमवर स्लाय स्टोनने माएस्ट्रो ऱ्हिदम किंग नावाचं मशीन वापरलं होतं. ऑर्गनवाल्यांना साथ द्यायला बनवलेली पेटी ती, ठराविक नमुन्यांची. त्यातली गंमत अशी की मशीन सरळसोट चालतं आणि बेस-गिटार त्याच्याभोवती माणसासारखे सैल वाजतात. म्हणून मशीन घेतलंत तर त्याला "माणसासारखं" करत बसू नका, आणि बाकीची वाद्यं त्याच्या घरांत चिकटवूनही ठेवू नका. दोन्हीपैकी काहीही केलंत की ताण जातो.

## टप्पा ४: बेस

नवखा बेसवादक इथे एकच मोठी चूक करतो: फार वाजवतो. "पापा वॉज अ रोलिंग स्टोन" मधली बेस ओळ मोजक्या सुरांची आहे आणि तिच्यातली शांतताच बारचा निम्मा भाग व्यापते.

आपल्या नमुन्यावर बसणारी ओळ:

- घर १: सर्वांत खालचा ई, तीन घरं लांब. घर ४ वर हाताने दाबून बंद.
- घर ५: काही नाही. ही जागा स्नेअरची.
- घर ७: डी, आखूड.
- घर ८: वरच्या सप्तकातला ई, तार खेचून.
- घर ११: खालचा ई, किकसोबत.
- घर १५ आणि १६: जी, मग ए, आणि तिथून पुन्हा ई वर उडी.

अंगठ्याने वाजवताना अंगठा तारेवर आपटून लगेच सुटला पाहिजे, फिंगरबोर्डच्या शेवटच्या फ्रेटच्या आसपास. ही पद्धत रूढ करणारा लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवायचा. तिथे ड्रमर उरला नाही, म्हणून त्याने अंगठ्याने किक आणि बोटाने स्नेअर भरून काढायला सुरुवात केली. अंगठा आणि बोट यांची कामं वाटताना हे लक्षात ठेवलं की हात आपोआप बरोबर जागी जातो.

उघड्या ई तारेचं दुखणं: ती थांबवली नाही तर घोंगावत राहते आणि किक चिखलात जाते. डाव्या हाताची रिकामी बोटं तारेवर हलकी टेकवून ठेवा. तरी जमत नसेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. मात्र स्पंज लावून खेचलेला सूर मरतो, म्हणून तो फक्त बोटांनी वाजवायच्या ओळीसाठी.

तपासणी: फक्त किक आणि बेस ऐका. घर १ वर दोघे एकच आवाज वाटले पाहिजेत. दोन वेगळे ठोके ऐकू आले तर बेस पुन्हा वाजवा. माउसने सरकवून एखादा सूर जुळेल. आठ बार जुळवण्यापेक्षा पुन्हा वाजवणं लवकर होतं.

## टप्पा ५: गिटार दोन, कामं वेगळी

पहिली गिटार स्वच्छ, काहीही न लावता. वरच्या तीन तारा ७ व्या फ्रेटवर एका बोटाने दाबा. डी, एफ शार्प आणि बी हे तीन सूर मिळतात. खाली बेसचा ई असल्यामुळे एवढ्यावरच पूर्ण रंगाची कॉर्ड तयार होते. सहा तारांची बॅरे कॉर्ड धरू नका. खालच्या तारा बेसच्या अंगावर येतात.

उजवा हात सोळाही घरांवर खाली-वर चालू ठेवायचा, थांबवायचा नाही. आवाज येणार की "चक" येणार हे डावं बोट ठरवतं: दाबलं तर सूर, सैल सोडून नुसतं टेकवलं तर चक. सूर ३, ४ आणि १० या घरांवर, बाकी चक. उजवा हात थांबवून थांबवून वाजवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि तिच्यामुळेच गिटार यांत्रिक वाटते.

दुसरी गिटार वाह पेडलची. मोटाउनमध्ये वाह आणला गिटारवादक डेनिस कॉफीने, टेम्प्टेशन्सच्या १९६८ च्या "क्लाउड नाइन"मध्ये. १९७१ च्या "शाफ्ट" या चित्रपटाच्या शीर्षकगीतात चार्ल्स पिट्सने दाबलेल्या तारांवर वाजवलेला वाह तर जगभर पोचला, आपल्या हिंदी सिनेमाच्या पार्श्वसंगीतातही तो कानावर पडतो. इथे सूत्र असं: हात सोळाव्याने चालतो, पाय चौथ्याने. म्हणजे घर १ ला टाच खाली, घर ३ ला पंजा खाली, घर ५ ला पुन्हा टाच. हाताच्या प्रत्येक फटक्यासोबत पाय हलवू लागलात की फक्त कुजबुज उरते, तो बोलल्यासारखा आवाज येत नाही.

वाह वाजवतानाच रेकॉर्ड करा. बाकीचे परिणाम नंतर प्लगइनने देता येतात, पण पाय आणि हात यांचं जे परस्परांवर झुकणं असतं ते नंतर माउसने काढता येत नाही.

इशारा: दोन्ही गिटार एकाच सप्तकात ठेवू नका. स्वच्छ गिटार वर असेल तर वाहची गिटार १२ व्या फ्रेटखालच्या जाड तारांवर एकेका सुराने वाजवा.

## टप्पा ६: कीबोर्ड

क्लॅव्हिनेट (तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड) किंवा ऑर्गन, यांतलं एकच निवडा. क्लॅव्हिनेटचा आवाज घेतलात तर दोन हात आळीपाळीने वाजले पाहिजेत, तबल्याच्या जोडीसारखे: उजव्याने सूर, डाव्याने मधली घरं अगदी हलक्या आखूड सुरांनी भरणं. दोन्ही हातांनी एकदम कॉर्ड दाबणं हे पियानोचं काम. मधल्या सी च्या खाली जाऊ नका. सस्टेन पेडलला पाय लावू नका.

ऑर्गन असेल तर उलट: एक सूर आठ बार धरून ठेवा आणि लेस्ली या फिरत्या स्पीकरचा वेग फक्त बदलाच्या जागी मंदवरून जलद करा.

## टप्पा ७: कोरडी परीक्षा

इथपर्यंत वाहशिवाय एकही परिणाम लागलेला नसावा. रिव्हर्बसुद्धा नको. आता आठ बार गोल फिरवत लावा आणि पाच मिनिटं ऐका, पडद्याकडे न पाहता.

- कंटाळा आला तर कुठल्या वाद्याने आला ते शोधा. एकेक बंद करून पाहा. जे बंद केल्यावर बरं वाटलं, ते पुन्हा वाजवा किंवा काढून टाका.
- वेग हळूहळू वाढल्यासारखा वाटतो? गिटार घाई करते आहे. ती १० मिलिसेकंद मागे सरकवून पाहा. लगेच बसली तर चूक सापडली.
- सगळं बरोबर आहे पण जीव नाही? बहुतेक वेळा १ चं घर पुरेसं जड नसतं आणि १६ चं घर भरलेलं असतं. आधी १६ रिकामं करा.

या टप्प्यावर दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. ठेका कोरडा चालला नाही तर फेझर त्याला चालवणार नाही.

## टप्पा ८: पेडलांचा क्रम आणि आकडे

गिटारपासून पुढे क्रम असा: एनव्हेलप फिल्टर, फझ, वाह, फेझर, इको.

एनव्हेलप फिल्टर सर्वांत आधी, कारण तो तुमच्या फटक्याच्या जोरावर उघडतो-मिटतो. त्याच्या आधी कॉम्प्रेसर किंवा फझ लावलात तर सगळे फटके सारखे होतात आणि फिल्टर एक तर सताड उघडा राहतो किंवा हलतच नाही. बूट्सी कॉलिन्सच्या बेसचा तो ओला, रबरी आवाज म्यू-ट्रॉन ३ या फिल्टरचा. तसा बेस हवा असेल तर बेसचा ट्रॅक दोनदा ठेवा: एका प्रतीत १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा आणि ती कोरडी ठेवा; दुसऱ्या प्रतीत १५० च्या खालचं कापून तिच्यावर फिल्टर लावा. थेट एकाच ट्रॅकवर फिल्टर लावला की प्रत्येक वेळी तो मिटताना किंवा उघडताना तळ डगमगतो.

फझ दोन जातींचे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उष्णतेला फार हळवे असतात. तापमान वाढलं की त्यांचा गळती प्रवाह वाढतो, बायस सरकतो, आणि सूर फाटून अर्ध्यातच तुटतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी असं झालं तर पेडल दुरुस्तीला टाकण्याआधी रात्री एकदा वाजवून पाहा. सिलिकॉनच्या फझला हा त्रास जवळपास नाही. फझ फेस जातीच्या पेडलआधी कुठलंही बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवू नका, आवाज कर्कश होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ निवळण्याची सोय जाते. एनव्हेलप फिल्टर बफर असलेला असेल तर त्या ट्रॅकपुरता तो बाजूला काढा. एका वेळी दोन्ही लागतात असं क्वचितच होतं.

इशारा: जुन्या घडणीच्या बऱ्याच जर्मेनियम फझमध्ये पॉझिटिव्ह ग्राउंड असतं. असं पेडल बाकीच्यांसोबत एकाच अडॅप्टरच्या माळेत जोडलं तर शॉर्ट होतं. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या.

वाह फझच्या आधी की नंतर, यावर वाद चालू राहतील. आधी ठेवला तर आवाज माणसाच्या बोलण्यासारखा, नंतर ठेवला तर मोठा, उसळणारा. ठेक्याच्या गिटारला फझ नाहीच, त्यामुळे प्रश्न फक्त सोलोचा.

फेझरचा वेग ०.२ हर्ट्झ. म्हणजे एक फेरी ५ सेकंदांत, बरोबर दोन बारांत पूर्ण होते आणि खालचं टोक पहिल्या घरावर येतं. घाईघाईने फिरणारा फेझर पाण्यातून ऐकल्यासारखा लागतो आणि घरं पुसून टाकतो. प्लगइनमध्ये फेरी बारच्या सुरुवातीला बांधता येते. पेडलमध्ये येत नाही, म्हणून दोन-तीन वेळा रेकॉर्ड करून जो टेक समेवर आला तो ठेवा.

इकोचा हिशोब: ६०,००० भागिले बीपीएम. ९६ ला एका ठोक्याचे ६२५ मिलिसेकंद. मात्र बहुतेक जागी ४६९ घ्या, म्हणजे तीन घरं. घर १ वर वाजवलेला सूर ४, ७, १० वर परत येतो आणि ठेक्याला आडवा जाऊन नवीन नक्षी तयार करतो. फीडबॅक ३५ टक्के. इकोच्या वाटेवर २०० हर्ट्झच्या खालचं आणि ३,५०० च्या वरचं कापा. टेपवरच्या इकोत प्रत्येक आवर्तन असंच मळत जातं.

इशारा: फीडबॅक ९० च्या पुढे नेऊन आवाज चक्रावत ठेवायची करामत करणार असाल तर आधी त्या ट्रॅकवर लिमिटर लावा आणि हेडफोन कानावरून काढा.

एका वेळी एकच वाद्य हलू द्या. वाह, फेझर आणि इको तिघेही एकाच बारमध्ये वेगवेगळ्या वाद्यांवर फिरू लागले की कानाला धरायला काही उरत नाही, आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीच विचित्र वाटत नाही.

## टप्पा ९: टेपच्या दोन करामती

फ्लँजिंग, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती किंचित मागेपुढे सरकवणं. तयार प्लगइनपेक्षा हे हाताने करा.

1. ड्रमचे सगळे ट्रॅक एका स्टिरिओ ट्रॅकमध्ये उतरवा आणि त्याची प्रत काढा.
2. मूळ ट्रॅकला ५ मिलिसेकंदांचा स्थिर डिले द्या, शंभर टक्के ओला (कोरडा आवाज अजिबात न मिसळता).
3. प्रतीवर तसाच डिले, पण तो चार बारांत ० वरून १० मिलिसेकंदांवर सरकत जाईल असं ऑटोमेशन लिहा.
4. मध्यावर दोन्ही ५ वर भेटतात. पोलॅरिटी सारखी असेल तर तिथे आवाज फुगतो. एकाची उलटी केलीत तर तिथे आवाज क्षणभर गायब होतो.
5. गायब होण्याचा तो क्षण पहिल्या घराच्या जरा आधी, १५-१६ च्या सुमारास आणा.

आवाज झाडूसारखा फिरत नसेल तर दोन ट्रॅकांवर वेगवेगळे प्लगइन लागलेले असतील आणि त्यांची उशीर-भरपाई जुळत नसेल. दोन्हीकडचे काढून टाका.

उलटा इको. गायकाच्या किंवा गिटारच्या ओळीआधी तिची सावली चालत येते, तो हा.

1. ओळ नव्या ट्रॅकवर घ्या आणि उलटी करा.
2. तिच्यावर इको शंभर टक्के ओला लावा.
3. शेवटी दोन बार जास्त धरून नवीन फाइल करा. इथेच बहुतेक जण चुकतात. शेपूट कापली जाते, आणि नेमकी तीच हवी असते.
4. नवीन फाइल पुन्हा उलटी करा.
5. मूळ ओळीखाली अशी सरकवा की शेपटाचा चढ ओळीच्या पहिल्या अक्षरावर संपेल.

एका गाण्यात एकदा. फार तर दोनदा.

## टप्पा १०: गाणारे आवाज

एका गायकाने सगळं गाणं म्हणणं इथे शोभत नाही. टेम्प्टेशन्सनी १९६८ नंतर एकेक ओळ वेगवेगळ्या आवाजाला वाटली, आणि ती रीत स्लायच्या बँडकडून आली होती. एकटेच असाल तर चार टेक घ्या: माइकपासून १० सेंटिमीटरवर कुजबुजत, ३० सेंटिमीटरवर साधा, एक मीटरवर ओरडून, आणि एक खालच्या सप्तकात. ओळी या चौघांत वाटा. घोषणेसारख्या ओळीला मात्र चारही एकत्र, एकाच सुरात; वेगवेगळ्या सुरांची हार्मनी नको.

## टप्पा ११: मांडणी म्हणजे वजाबाकी

आतापर्यंत केलेला आठ बारांचा तुकडा पाच मिनिटं पसरवा, सगळी वाद्यं चालू ठेवून. मग काढायला लागा. फंकाडेलिकच्या "मॅगट ब्रेन" (१९७१) मधल्या शीर्षक रचनेत बाकीचा बँड वाजवत होता. बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनने मिक्स करताना त्यांना जवळपास मिटवून टाकलं आणि एडी हेझलची गिटार इकोत एकटी सोडली. दहा मिनिटांची ती पोकळी फेडर खाली ओढून तयार झाली आहे.

काम करणारा एक साचा: १६ बार फक्त ड्रम आणि बेस, मग स्वच्छ गिटार, २४ बारांनी वाह, गाणं, आणि साधारण साडेतीन मिनिटांवर ड्रम पूर्ण बंद. बेसचा एक सूर आणि इको एवढंच आठ बार. ड्रम परत येतील ते घर १ वर, कुठल्याही रोल-बिलशिवाय.

दर आठ बारांनी काहीतरी *वाढवायचं* ही सवय नृत्यसंगीताच्या सॉफ्टवेअरने लावली आहे. दर दोन भरींमागे एक वजाबाकी ठेवा.

## टप्पा १२: मिक्स

किक आणि बेस आधी, मीटर −१० वर. बाकी सगळं त्यांच्या खाली. स्वच्छ गिटारचं १५० हर्ट्झच्या खालचं कापा, क्लॅव्हिनेटचं २०० च्या खालचं. ड्रम आणि बेस मध्ये. गिटार डावीकडे, कीबोर्ड उजवीकडे, अगदी टोकाला नेलेत तरी चालेल. वाहची गिटार मात्र १० सेकंदांत, चार बारांत, एका कानाकडून दुसऱ्याकडे सरकू द्या.

"रायट"सारखा धुरकट आवाज हवा म्हणून पूर्ण मिक्सवर फिल्टर लावून वरचे स्वर कापणारे बरेच आहेत. त्या अल्बमचा धूसरपणा तसा आलेला नाही. एकाच टेपवर पुन्हा पुन्हा पुसून, पुन्हा वाजवून ती झिजली होती. म्हणजे प्रत्येक थर वेगवेगळ्या प्रमाणात मळला. तसंच करा: गाण्याच्या आवाजावर आणि कीबोर्डवर टेप सॅच्युरेशन दोनदा, ड्रमवर एकदा, बेसवर नाही.

शेवटच्या तीन तपासण्या, याच क्रमाने:

1. मोनो करून ऐका. फेझर आणि फ्लँजिंग लावलेलं वाद्य नाहीसं झालं तर त्याची कोरडी प्रत ३० टक्के मिसळा.
2. फोनच्या स्पीकरवर लावा. बेस ऐकू येणार नाही हे धरून चला, पण त्याची ओळ ओळखू आली पाहिजे. येत नसेल तर बेसला ८०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल द्या.
3. आवाज इतका कमी करा की शेजारच्या खोलीतलं बोलणं वरचढ होईल. तेव्हा ऐकू येणारं शेवटचं वाद्य स्नेअर असावं. वाह असेल तर वाह दोन डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरू करा.